तेराव्याचे पैसे

परवा तुझं तेरावं झालं, आत्या. जेवायला एकोणीस माणसं होती. पाच गुरुजी, आपल्या जिन्यातली दोन बिऱ्हाडं, तुझ्या शाळेतल्या तीन निवृत्त बाई आणि गंगेवरचा तुझा शंभू नाववाला. वरणभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि रव्याची खीर. तू सांगून ठेवलं होतंस त्यात मी फक्त पुऱ्या वाढवल्या, कारण सुनंदा म्हणाली की नुसत्या वरणभातावर लोक तुला नाही, तिच्या नवऱ्याला, म्हणजे मला नावं ठेवतील. तरी गल्लीतल्या दोघांनी "एवढ्यात आटोपलंत?" अशा चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलंच. मी पुऱ्या वाढत राहिलो.

खर्च मी केला. हे मुद्दाम सांगतोय. तुझ्यामाझ्यातलं एकमेव खरं भांडण याच पैशांवरून झालं होतं आणि ते अजून मिटलेलं नाही. तू गेलीस म्हणून मिटलं असं धरायला मी तयार नाही.

काशीतल्या मराठी घराबाहेरच्या माणसाला तेराव्याचे पैसे ही काय भानगड आहे ते कळायचं नाही. सगळा देश इथे मरायला येतो, आणि आपण रामघाटावरचे लोक इथे राहूनच मरणाची तयारी करत असतो. आजोबांनी जन्मभर यजमानांची श्राद्धं केली, घरात पैसा आला तो कुणाच्या तरी मरणातून आला. त्यामुळे असेल, पण पैसा म्हणजे शेवटच्या वेळेसाठी बाजूला ठेवायची वस्तू, ही समजूत आपल्या घरात दुधाबरोबर पाजली गेली. आसपासच्या प्रत्येक म्हातारीची बँकेत एक ठेव असायचीच. लाकडं, दहावं, तेरावं, गुरुजींची दक्षिणा आणि गोडाचं जेवण. ती ठेव मोडायची नाही. आजारपणात नाही, लग्नात नाही, छत गळलं तरी नाही.

तुझी ठेव मीच उघडून दिली होती. बँकेत नोकरी लागून मला महिना झाला असेल. तू सव्विसाव्या वर्षी पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आलेली, मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवणारी माझी आत्या, पगाराच्या पाकिटातून मोजून नोटा काढल्यास आणि म्हणालीस, "हे माझ्या मागचे. तुला खर्चात नको पाडायला." मला तेव्हा तुझा केवढा अभिमान वाटला होता. माझी पहिली ग्राहक तू. पुढे दर वेळी मुदत संपली की मी ती व्याजासकट पुन्हा गुंतवायचो आणि पावती तुला आणून द्यायचो. तू ती कपाटात शालूच्या घडीत ठेवायचीस. तो शालूही तू कधी नेसली नाहीस.

राहायचीस कशी, ते मी आता सांगायला नको, पण सांगतो. मैदागिनच्या चौकापासून घरापर्यंत चालत यायचीस, रिक्षाचे पैसे वाचवायला. लंगडा आंबा आपल्या घरी हंगाम संपता संपता यायचा, भाव उतरल्यावर, निम्मा डागाळलेला. पंखा एकावर. ऐकू येणं कमी झालं तेव्हा तू त्यावरही काटकसरीचाच उपाय काढलास. लोक काय म्हणतात ते न ऐकता "हो हो, बरं बरं" म्हणायचीस. नागपूरहून माईआत्याचा, तुझ्या धाकट्या बहिणीचा, दर रविवारी फोन यायचा. ती विचारायची पाय कसा आहे, तू सांगायचीस आमटी केली आहे. आम्ही हसायचो. तूही हसायचीस, का हसतोय ते न कळता.

मग गोदूकाकू गेल्या. मंगला गौरीच्या गल्लीतल्या, तुझ्या बालमैत्रीण. त्यांनी उभं आयुष्य पिठलंभातावर काढलं होतं आणि ठेव तुझ्या दुप्पट होती. एकशे एक पानं वाढली त्या तेराव्याला. बासुंदी, अळूवडी, दोन भाज्या, लाडू. तुला पंक्तीत काही ऐकू येत नव्हतं, म्हणून तू नुसती बघत बसली होतीस. घरी आलीस, पाय धुतलेस आणि पुसायच्या आधीच म्हणालीस:

"गोदूनं जन्मात पहिल्यांदा चांगलं जेवण घातलं रे. आणि तीच जेवायला नव्हती."

मला वाटलं, दुःखात बोलतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी तू शालूच्या घडीतली पावती माझ्या हातात दिलीस. "ही मोडून दे. मला कानाची मशीनं घ्यायची आहेत. दोन्ही कानांची, चांगल्यातली."

चांगली जोडी लाखाच्या वर जात होती. मी किंमत मोठ्यानं ओरडून सांगितली, तुला ती बरोबर ऐकू आली. मी म्हटलं, "आत्या, हे तेराव्याचे पैसे आहेत."

"मला माहीत आहे कशाचे आहेत. मीच ठेवलेत ना?"

"मग तेराव्याला काय करायचं?"

"काही नको करू. काशीत मेलं की मोक्ष असतो म्हणतात. मग वरून पुन्हा बासुंदी कशाला, देवाला घूस म्हणून?"

मला हसू आलं नाही. तू मात्र रंगात आली होतीस. उजव्या कानावर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "आणि हे बघ. इथे मरताना शंकर स्वतः कानात तारक मंत्र सांगतो. मला ऐकूच नाही आलं तर? सत्तर वर्षं काशीत राहून मोक्ष हुकायचा, तोही कंजूसीपायी!"

सुनंदा स्वयंपाकघरात हसत होती. तू फॉर्मवर सही केलीस, मी तो पिशवीत घातला आणि बँकेत गेलो.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. तुला जिवंतपणी सांगायला माझी जीभ रेटली नाही.

संध्याकाळी येऊन मी म्हणालो, सही जुळत नाही. हात थरथरतो तुझा, जुन्या नमुन्याशी मेळ बसत नाही, नवीन नमुना द्यावा लागेल. तू नवीन सही दिलीस. मग मी म्हणालो साहेब रजेवर आहेत. मग म्हणालो वरून मंजुरी यायची आहे. तुझा फॉर्म या सगळ्या काळात माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात होता. कुणाला दाखवलासुद्धा नव्हता. मला वाटलं, चारआठ दिवसांत तुझं खूळ ओसरेल. आठ दिवसांचे चार महिने झाले.

स्वतःची समजूत मी अशी घातली होती की हे तुझ्याच भल्याचं आहे, म्हातारपणी हाताशी काही असावं. पण खरं कारण क्षुद्र होतं. तू ते पैसे खर्च केलेस तर तुझं तेरावं माझ्या अंगावर येणार होतं. आणि गल्लीत लोक म्हणाले असते, यांच्या आत्याचं बघा, दिवस घालायला गाठीला पैसे नाहीत. एवढंच. पस्तीस वर्षं लोकांच्या पैशांना हात लावू न देण्यात घालवली की आपण राखणदार आहोत हे विसरायला होतं आणि मालक झाल्यासारखं वाटायला लागतं.

त्या चार महिन्यांत माईआत्या सोळासतरा रविवार फोन करत राहिली. शेवटचा फोन चांगला लांबला होता. तू खिडकीशी बसून फोन कानाशी दाबून धरला होतास आणि "हो हो, बरं बरं" चाललं होतं. मी शेजारीच पेपर वाचत होतो. फोन ठेवल्यावर तू मला विचारलंस, "काय म्हणत होती रे?" मी म्हटलं, मला काय माहीत, फोन तुझ्या कानाला होता. त्या आठवड्यात ती गेली. तिच्या मुलीनं नंतर सांगितलं, "आई त्या दिवशी मावशीशी अर्धा तास बोलत होती. लहानपणचं काहीतरी सांगत होती. सांगून झाल्यावर तिला फार बरं वाटलं."

तिला बरं वाटावं असं त्यात काय होतं, ते तुला कधीच कळलं नाही. मलाही नाही. आता कुणालाच कळणार नाही.

नागपूरहून परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी तो फॉर्म खणातून काढला. दुपारपर्यंत पैसे तुझ्या खात्यात होते.

दुकानातल्या मुलीनं तुझ्या कानांत मशीनं बसवली तेव्हा तू पहिल्यांदा दचकलीस ती छतावरच्या पंख्याला. मग बाहेर रस्त्यावर आलो. हॉर्न, सायकलीच्या घंट्या, चाटवाल्याचा तवा. तू पायरीवरच थांबलीस आणि अगदी सरळ आवाजात म्हणालीस, "आज रविवार आहे ना?" मी रिक्षा बघायला पुढे गेलो.

त्या संध्याकाळी जेवताना तू विचारलंस, "आधी माझी सही जुळत नव्हती, मग जुळली कशी रे?" मी म्हटलं, "साहेब बदलले." तू माझ्याकडे पाहिलंस, भात कालवलास आणि सुनंदाला म्हणालीस की कढीला मीठ कमी आहे. कढीला मीठ व्यवस्थित होतं. तुला सगळं कळलं होतं, असं मला तेव्हापासून वाटतं. चार महिन्यांचा हिशेब तू एका कढीवर मिटवलास. मला तो तसा मिटवून नको होता. तू मला बोलायला हवं होतंस.

पुढची दोन वर्षं तू मला शिकवलंस, आणि मी शिकायला तयार नव्हतो. उरलेले पैसे तू एका रकमेनं उडवले नाहीस, मी "उडवलेस" म्हणायचो तेव्हा तू चिडायचीस. "उडवत नाही, गुंतवते. तुमच्या बँकेत व्याज तिमाहीला मिळतं, मला रोज मिळतं." वर बसायचा संडास करून घेतलास, उकिडवं बसताना तुझे गुडघे रडायचे ते थांबले. लंगडा पहिल्या तोडीचा आणायला लागलीस, भाव न विचारता. मी फाटकाशी ऐकलं आहे तुला फळवाल्याला सांगताना, "अरे भैया, दाम छोड़ो, आज का पका दिखाओ." दर गुरुवारी शंभूची नाव. तू आणि शाळेतल्या तिघी, भोसले घाटापासून पंचगंगेपर्यंत आणि परत. पहिल्या गुरुवारी मी नको नको म्हणत असताना तू मलाही बसवलंस. शंभू म्हणाला, "बुआजी, आज हवा तेज हौ, शाल ओढ़ ला." आणि तू वल्ह्याचा आवाज ऐकत होतीस. बाकीच्या तिघी बोलत होत्या, तू त्यांना हात करून गप्प केलंस, वल्हं ऐकायला.

मंगला गौरीची घंटा ऐकू आली तेव्हा तू म्हणालीस, आवाज बदललाय, घंटा नवी बसवली का? कुणीही बसवली नव्हती. पंधरा वर्षांनी ऐकत होतीस म्हणून. आणि खालच्या गल्लीतून "राम नाम सत्य है" करत माणसं मणिकर्णिकेकडे गेली की तू हसून म्हणायचीस, "घ्या, मशीन घेतलं म्हणजे हे पण ऐकणं आलंच. फुकट काही नाही." माझं पुटपुटणंही तुला ऐकू यायला लागलं, हे मात्र आमच्या घराला महाग पडलं.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असं मी तुला एकदा फार शहाणपणानं सुनावलं होतं. आठवतंय? शालू नेसली होतीस तू त्या दिवशी, काही कारण नसताना, मंगळवारी. तू म्हणालीस, "आपण कुठे अंथरूण पाहून पाय पसरले रे? आपण अंथरूण गुंडाळून माळ्यावर ठेवलं आणि जन्मभर फरशीवर झोपलो." मी म्हटलं, हे बोलायला सोपं आहे, उद्या आजारपण आलं तर? तू म्हणालीस, "त्याचा विमा तू काढलायस ना? मग उगाच परेशान का होतोस? मी आजाराचे पैसे नाही खात, मरणाचे खाते." मी म्हणायचो अडचणीसाठी ठेवावं. तू म्हणायचीस ठेवावंच, पण प्रत्येक सकाळ ही अडचण नसते. हे भांडण आपण शेवटच्या आठवड्यापर्यंत करत होतो. थोडा तूही हट्टीपणा केलास हं. गेल्या जूनमध्ये तू पाच किलो आंबे आणून ठेवलेस आणि निम्मे सडले, ती गुंतवणूक नव्हती. तेवढं कबूल कर.

दुसरी कुरबूर माझ्या कानांची. दोनएक वर्षं मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. सुनंदा टीव्हीच्या आवाजावरून कटकट करते. तू तर ते तिच्याआधी ओळखलंस, "हो हो" म्हणताना माणूस कसा दिसतो ते तुझ्याइतकं कोण ओळखणार? "तपासून घे," तू म्हणायचीस. मी म्हणायचो निवृत्तीनंतर बघू. निवृत्त झालो. मग म्हणायला लागलो, थंडी संपू दे.

रुग्णालयात तुला त्यांनी आत घेतलं तेव्हा मशीनं काढून एका छोट्या पाकिटात माझ्या हाती दिली. दुसऱ्या दिवशी मी नर्सला विचारून उजव्या कानातलं परत बसवलं. तिनं विचारलं, "अब क्या सुनेंगी, बाबूजी?" तारक मंत्राचं तिला कसं सांगणार होतो? माझा त्यावर विश्वास आहे असंही नाही. पण तुझा निम्मा विनोद होता आणि निम्मा नव्हता, एवढं मला कळत होतं. बॅटरी नवी घातली.

दुपारी तू डोळे उघडलेस. सुनंदा औषध आणायला खाली गेली होती. तोंडावर प्राणवायूचा मास्क, शेजारच्या खाटेचं यंत्र टीं टीं करत होतं आणि मी तुझ्या उजवीकडे बसलो होतो, म्हणजे माझा डावा कान तुझ्याकडे होता. तू बोललीस. एक वाक्य नाही, दोन-तीन असतील. मध्ये थांबलीस आणि पुन्हा बोललीस. मी वाकलो. मला मास्कमधली नुसती वाफ दिसली.

मी म्हणालो, "हो हो. बरं बरं."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. तुला कळलं होतं. तोच चेहरा, तेच मान हलवणं, तू पंधरा वर्षं केलेलं. तू माझ्या हातावर दोनदा थोपटलंस आणि डोळे मिटलेस. तुला राग आला नाही, याचाच मला जास्त त्रास होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. उजव्या कानातलं मशीन तोपर्यंत चालू होतं, मी बघितलं.

काय म्हणालीस, आत्या? आंब्यांचं होतं, की फॉर्मचं? माईचं होतं का? सुनंदा म्हणते, नेहमीचंच काहीतरी असेल, जेवलास का म्हणून विचारलं असेल. असेलही. मला ते "जेवलास का" सुद्धा हवं होतं.

तुझ्या खात्याचा वारस मीच. परवाच्या सगळ्या गडबडीनंतर पासबुक भरून आणलं. खात्यात जे शिल्लक आहे त्यात रव्याची खीर झाली असती, पुऱ्या नसत्या झाल्या. पस्तीस वर्षांत मी म्हाताऱ्या माणसांची कितीतरी खाती बंद केली, पण पैसे ज्याचे त्यानंच वापरलेत असं दुसरं मला आठवत नाही. शालूच्या घडीत पावती नव्हती. शालूवर आंब्याच्या रसाचा डाग होता.

आता शेवटचं. निवृत्तीच्या पैशातून मी काय केलं होतं, ते तुला सांगितलं नव्हतं, कारण तू डोक्यावर हात मारून घेतला असतास. मी एक ठेव काढली होती. माझ्या आणि सुनंदाच्या तेराव्याची.

आज सकाळी ती मोडायला गेलो. माझीच शाखा, माझंच जुनं टेबल, त्यावर आता एक नवी मुलगी बसते, तिला मी कोण ते माहीत नाही. सुनंदा बाहेर बाकावर बसली होती. तिथून दोघांनी कानांच्या दुकानात जायचं होतं आणि येत्या गुरुवारपासून शंभूच्या नावेत तुझ्या जागेवर ती बसणार आहे. मी फॉर्म भरला, सही केली. हात थोडा थरथरला. मुलीनं फॉर्म पाहिला, मग समोरच्या पडद्यावर पाहिलं आणि काहीतरी म्हणाली.

"क्या?" मी विचारलं.

ती पुढे वाकून मोठ्यानं म्हणाली, "सिग्नेचर मिल गया, अंकल. हो गया आपका."

मी समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती.